ते झाड आधीच का दाखवलं?

"मामा, ह्यात बाण कुठंय?"

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलेल्या भाच्याच्या हातात मी माझा जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी दिला होता. आत पोकेमॉन फायररेडची कॅसेट. दहा मिनिटांत त्याचा हा प्रश्न आला. मोबाइलवरच्या खेळांत त्याला डोक्यावर तरंगणाऱ्या बाणाची सवय आहे. इकडे वळ, त्याला भेट, हे उचल, असं तो बाण सांगत राहतो. इथं नुसतं एक गाव, चार घरं आणि गावाबाहेर उंच गवत.

मी म्हटलं, "बाण नाही. फिरून बघ."

हे काही उत्तर झालं नाही. तोही तसंच माझ्याकडे बघत राहिला. या खेळात मी शाळेची दोन वर्षं काढली, पण फिरावंसं का वाटायचं हे कुणाला नीट सांगायची वेळ कधी आली नव्हती. ते आता सांगून बघतो.

ज्यांनी असले खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. रोल-प्लेइंग खेळात आपण एक पात्र होतो आणि ते पात्र हळूहळू वाढतं. जिंकलेल्या प्रत्येक लढतीचे अनुभवगुण मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की ताकद वाढते. पोकेमॉनमध्ये आपण दहा-अकरा वर्षांचं पोर असतो. गवतात, गुहेत, पाण्यात राहणारे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि गावोगावच्या जिमच्या प्रमुखांना हरवून बॅज मिळवायचे. असे आठ बॅज. मूळ खेळ जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 रोजी आला आणि त्यात 151 पोकेमॉन होते. फायररेड म्हणजे त्याच खेळाची 2004 सालची नवी आवृत्ती. प्रदेशाचं नाव कांतो, आणि ते तोक्योच्या भोवतालच्या खऱ्या कांतो भागावरून घेतलेलं आहे.

आमच्याकडे हे यंत्र आलं ते दुबईच्या आत्येभावाकडून. तेव्हा भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की साताऱ्यातल्या आमच्या पेठेत सगळीकडे अंधार, आणि माडीवर आम्हा दोघा भावांच्या तोंडावर त्या छोट्या पडद्याचा उजेड. यंत्र एक, कॅसेट एक, आणि त्या कॅसेटमध्ये खेळ साठवायची जागाही एकच. त्यामुळे दादा आणि मी एकच प्रवास पाळीपाळीने करायचो. त्यात दोघंही मराठी माध्यमातले, पडद्यावर सगळं इंग्रजी. गावातले लोक जे सांगायचे त्यातलं निम्मं कळायचं नाही. जे वाचून कळत नव्हतं ते चालून शोधावं लागायचं.

आता त्या झाडाकडे येतो.

खेळाच्या अगदी सुरुवातीला विरिडियन नावाचं गाव लागतं. तिथून वर जाणाऱ्या दोन नंबरच्या रस्त्यावर उजव्या हाताला एक झुडूप वाट अडवून उभं असतं. इतर झाडांपेक्षा ते वेगळं दिसतं, म्हणजे त्यात काहीतरी आहे हे समजतं. त्याच्या मागे वाट गेलेली दिसते. आपण जवळ जातो, बटण दाबतो, आणि खेळ एवढंच सांगतो की हे झाड कापता येईल असं वाटतं. कशाने कापायचं, ते सांगत नाही. आपल्याकडे तेव्हा लेव्हल पाचचा एक पोकेमॉन असतो. आपण पुढे निघून जातो.

पुढे जंगल, पहिला जिम, चंद्रपर्वत, दुसरा जिम. मग व्हर्मिलियन नावाचं बंदर आणि तिथं लागलेली एक मोठी बोट. बोटीवरच्या आजारी कप्तानाची पाठ चोळून दिली की तो 'कट' नावाची विद्या देतो. झाडं कापायची विद्या.

दादाने यंत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "ते विरिडियनच्या वरचं झाड!"

खेळाने आठवण करून दिली नव्हती. कुठं नोंद नव्हती, नकाशावर खूण नव्हती. कित्येक दिवसांपूर्वी पाहिलेलं ते झाड दादाच्या डोक्यात तसंच उभं होतं. बंदराच्या पूर्वेला डिगलेटची गुहा आहे, तिच्यातून सरळ चालत गेलं की माणूस कुठं निघतो? त्याच दोन नंबरच्या रस्त्यावर, झाडांच्या पलीकडच्या बाजूला. झाडं कापत खाली आलो आणि ज्या वाटेवरून पहिल्या दिवशी गेलो होतो तीच वाट समोर आली. सगळा प्रदेश एकदम गोल झाला. आत्तापर्यंत ती दोऱ्यासारखी लांब सुटलेली वाट होती, आता तिला गाठ बसली.

माझ्या मते या खेळाचं मर्म इथं आहे. फिरणाऱ्याला बक्षीस देणारे खेळ ढिगाने आहेत; कोपऱ्यात पेटी ठेवली की झालं. हा खेळ वेगळं करतो. तो दार आधी दाखवतो आणि किल्ली फार उशिरा देतो. मधल्या काळात ते दार आपल्या डोक्यात राहतं. किल्ली हातात येते तेव्हा आनंद किल्लीचा नसतो, आपल्याला आठवलं याचा असतो.

जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने 1994 मध्ये कुतूहलाविषयी एक साधी मांडणी केली. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही तिची आपल्याला उत्सुकता वाटत नाही. थोडं माहीत आहे आणि थोडं नाही, आणि ती मधली फट आपल्याला दिसते आहे, तेव्हा ती खुपायला लागते. झाड नसतं तर मागच्या वाटेचा विचार कुणी केला नसता. वाट मोकळी असती तर पहिल्या दिवशी जाऊन आलो असतो आणि विसरलो असतो. झाडामुळे फट तयार होते.

साताऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अजिंक्यताऱ्यावर चढलं की यवतेश्वर दिसतो, जरंडेश्वर दिसतो आणि नैर्ऋत्येला सज्जनगड दिसतो. मी चौथीत असताना बाबांनी तिथून बोट करून दाखवला होता. "तिथं कधी जायचं?" म्हटलं तर म्हणाले, "तुला धड सायकल येऊ दे, मग." पुढं तीन वर्षं मी अजिंक्यताऱ्यावर गेलो की आधी त्या दिशेला बघायचो. सातवीत सायकलवरून परळीपर्यंत गेलो, पायऱ्या चढलो, आणि वर पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर उलटं वळून अजिंक्यतारा कुठं दिसतो ते शोधलं. एसटीने थेट गडावर नेलं असतं तर तो शोध घ्यावासा वाटला असता असं मला वाटत नाही.

आता जरा हिशेबाची बाजू. पुढं जायचं नसेल तर याच गवतात बसून ताकद वाढवता येईल की, असं कुणी म्हणेल. भाच्याने तेच सुरू केलं होतं. पहिल्या रस्त्यावर पिजी नावाचा पक्षी भेटतो, त्यालाच तो पुन्हा पुन्हा हरवत होता. हे का चालत नाही ते आकड्यांत बघण्यासारखं आहे.

पिकाचू धरू. त्याची लेव्हल म्हणजे अनुभवगुणांचं घनमूळ असतं. लेव्हल 5 ला 5 × 5 × 5 म्हणजे 125 गुण लागतात, लेव्हल 6 ला 216. मधलं अंतर 91. लेव्हल तीनच्या एका पिजीला हरवलं की 23 गुण मिळतात, म्हणजे चार पिजींत काम झालं. मजेत चाललं आहे असं वाटतं. पण लेव्हल 20 वरून 21 ला जायला 1,261 गुण लागतात: पंचावन्न पिजी. आणि 30 वरून 31 ला 2,791, म्हणजे 122 पिजी. तेच गवत, तोच पक्षी, तेवढीच मेहनत, आणि फळ मात्र आटत जातं.

हरवलेल्या पोकेमॉनकडून मिळणारे गुण कसे ठरतात? प्रत्येक जातीचा एक आकडा ठरलेला आहे, पिजीचा 55. त्याला समोरच्याच्या लेव्हलने गुणायचं आणि सातने भागायचं; समोरचा जंगली नसून एखाद्या ट्रेनरचा, म्हणजे आपल्यासारख्या पोकेमॉन वाढवणाऱ्याचा असेल तर त्याच्या दीडपट. म्हणजे तोच पिजी लेव्हल 30 चा भेटला तर 23 च्या जागी 235 मिळतात. आणि असे मोठे प्राणी पहिल्या रस्त्यावर राहतच नाहीत. ते पुढच्या गुहांत, पुढच्या पाण्यात राहतात. "एका जागी बसू नकोस" असं खेळ कुठंही लिहून दाखवत नाही. घनाचं गणित ते काम परस्पर करतं. भाच्याला मी वहीवर हे मांडून दाखवलं तेव्हा त्याने गवत सोडलं आणि विरिडियनचं जंगल गाठलं. पाढे पाठ करताना तो इतक्या लक्षाने ऐकत नाही.

त्या जंगलात पिकाचू आहे, आणि तो शंभरात पाच वेळा भेटतो. इथं नशिबाचा भाग येतो. गवतात पाऊल टाकलं की खेळ आतल्या आत फासे टाकतो: कुणी भेटणार का, आणि भेटला तर कोण. वीसात एक म्हटलं की मुलांना वाटतं, विसाव्या वेळी नक्की. तसं नसतं. वीस लढती झाल्या तरी पिकाचू न भेटण्याची शक्यता शंभरात सुमारे 36 असते. आम्हाला तो पहिल्या दिवशी भेटलाच नाही. दुसऱ्या दिवशी दादाच्या पाळीला पाचव्या पावलावर आला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

नशिबाच्या फळाची ओढ एवढी का असते, याचं उत्तर माकडांवरच्या प्रयोगांत सापडतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचे सिग्नल मोजले. अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात चालायच्या. दिव्यानंतर रस मिळतो हे माकडाला समजल्यावर त्या रसाला नाही, दिव्याला चालायला लागल्या. दिवा लागून रस आला नाही तर नेहमीपेक्षाही मंदावायच्या. थोडक्यात, मेंदू फळ मोजत नाही. अपेक्षेत आणि फळात किती फरक पडला ते मोजतो. प्रत्येक नव्या गवतात कोण राहतं हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक नवं गवत म्हणजे पेटायच्या बेतात असलेला दिवा.

पण एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नुसत्या फाशांवर चालणारे खेळ आज मोबाइलवर खूप आहेत, पेट्या उघडायला पैसे मागणारे, आणि ते मला आवडत नाहीत. त्यांत पेटी उघडल्यावर हातात वस्तू उरते, डोक्यात जागा उरत नाही. फायररेडचे सगळे फासे एका ठिकाणाशी बांधलेले आहेत. पिकाचू हवा तर विरिडियनच्या जंगलात जा. झापडोस नावाचा दुर्मिळ पोकेमॉन हवा तर बंद पडलेलं वीजघर शोध, आणि तिथं जायला नदीतून पोहत खाली उतरावं लागतं. कथा तुम्हाला त्या वीजघराकडे एकदाही पाठवत नाही. ते सापडलं नाही तरी खेळ पूर्ण होतो. आत जमिनीवर वस्तूंचे गोळे पडलेले दिसतात, उचलायला जावं तर त्यातले काही चक्क इलेक्ट्रोड नावाचे पोकेमॉन निघतात आणि लढायला उभे राहतात. तो पहिला दचका मला अजून आठवतो.

आणखी एक प्रयोग मला इथं फार जवळचा वाटतो. 1930 साली टोलमन आणि हाँझिक या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना चक्रव्यूहात सोडलं. काही उंदरांना शेवटी रोज खाणं मिळायचं, ते झपाट्याने वाट शिकले. काहींना दहा दिवस काहीच मिळालं नाही. ते नुसते भटकायचे, काही शिकत आहेत असं दिसायचं नाही. अकराव्या दिवशी त्यांच्यासाठी खाणं ठेवलं, आणि पाठोपाठ ते बाकीच्यांच्या बरोबरीने वाट काढायला लागले. म्हणजे दहा दिवसांची ती भटकंती वाया गेली नव्हती, आत नकाशा तयार होत होता. 1948 मध्ये टोलमन यांनी त्याला मनातला नकाशा असं नाव दिलं.

रॉक टनेल नावाच्या बोगद्यात आमचं तेच झालं. तो बोगदा पूर्ण अंधारा आहे. 'फ्लॅश' ही विद्या असली की उजेड पडतो, नसली तर आपल्याभोवती जेमतेम एक वर्तुळ दिसतं. ही विद्या देणारा माणूस दोन नंबरच्या रस्त्यावर, त्याच कापलेल्या झाडांच्या वाटेवरच्या घरात उभा असतो, आणि दहा जातींचे पोकेमॉन पकडलेले असतील तरच तो ती देतो. आम्ही त्या घरात शिरलो होतो, पण आमच्याकडे सातच होते आणि तो काय म्हणाला ते कळलंच नव्हतं. त्यामुळे तो बोगदा आम्ही अंधारात पार केला, उजव्या भिंतीला धरून. बाहेर लाइट गेलेली, आत बोगदा काळा. दादा चालवायचा आणि मी वहीत रेघा ओढायचो: डावीकडे शिडी, पुढं बंद, परत. तीन संध्याकाळी लागल्या. बाहेर पडलो तेव्हा हातात काहीही नवीन नव्हतं, वहीत मात्र पाऊण पानाचा नकाशा होता. ती वही मी अजून ठेवली आहे.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं त्या सातोशी ताजिरी यांचं बालपण तोक्योजवळच्या माचिदा भागात गेलं. तेव्हा तिथं भातखाचरं आणि झाडी होती, आणि या मुलाला किडे गोळा करायचा नाद होता. भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो झाडाखाली दगड ठेवून यायचा आणि नंतर उचलून बघायचा. पुढं खाचरं गेली, इमारती आल्या. मोठेपणी दोन गेमबॉय एका वायरने जोडलेले बघितले तेव्हा त्यांना वाटलं, त्या वायरीवरून किडा चालत पलीकडे जाईल. पोकेमॉनची अदलाबदल तिथून निघाली.

काडेपेटीत सोनकिडा ठेवून त्याला बाभळीचा पाला घालणाऱ्या, चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या कुणालाही हे सांगितलं की लगेच समजतं. दोरा बांधणं वाईटच, आता ते करू नये. पण कुठल्या झाडावर काय सापडतं ते तेव्हा आम्हाला पाठ होतं. कासच्या पठारावर कारवी रोज फुलत नाही, सात-आठ वर्षांनी फुलते, आणि तेव्हा तिथं असावं लागतं. ताजिरींनी खेळात भरलं ते हे ज्ञान: कोण कुठं राहतं, आणि तिथं कसं पोचायचं.

यात यंत्राच्या मर्यादेचाही हात होता असं मला वाटतं. 1996 ची जपानी कॅसेट 512 किलोबाइटची होती. आज मोबाइलवरचा एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत नवे नवे प्रदेश बसवणार कुठून? मग त्याच प्रदेशातून पुन्हा न्यायचं, पण दर वेळी नवी विद्या देऊन. कट मिळाला की जुन्या रस्त्यांवर नव्या वाटा उघडतात. सर्फ मिळाला की आजवर भिंत वाटणारं पाणी रस्ता होतं. त्या जागेत शेवटी म्यू नावाचा 151 वा पोकेमॉनसुद्धा शिरला: तपासणीसाठीचे प्रोग्राम काढल्यावर जेमतेम 300 बाइट मोकळे झाले आणि शिगेकी मोरिमोतो यांनी त्यात तो बसवला. खेळात तो सरळ कुठं सापडत नाही, म्हणून मुलांनी जगभर अफवा उठवल्या. बंदरातल्या बोटीजवळ उभा असलेला ट्रक ढकलला की खाली म्यू आहे, ही त्यातली मोठी. ती अफवा दुबईमार्गे साताऱ्यातही पोचली होती. फायररेड बनवणाऱ्यांनी तो ट्रक तसाच ठेवला आणि त्याच्याजवळ एक लाव्हा कुकी लपवली. म्यू नाही, पण आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. या एका गोष्टीसाठी मला ती माणसं फार आवडतात.

भाच्याला नवा खेळ सुरू करायचा होता, आणि जागा एकच असल्यामुळे तो साठवला की आमचा जुना पुसला जाणार होता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "पुसू दे की."

सुट्टी संपली तेव्हा यंत्र भाच्याबरोबरच गेलं. जानेवारीत त्याचा फोन आला. आठवा जिम झाला होता. हा जिम विरिडियनमध्येच आहे. खेळाच्या पहिल्या दिवशी आपण त्याच्या दारात उभे असतो, दार बंद असतं, आणि आठवा बॅज घ्यायला शेवटी तिथंच यावं लागतं. आतला जिमप्रमुख जिओव्हानी हरला की निघून जातो. आम्ही दोघं भाऊ बॅज घेऊन तिथून तडक बाहेर पडलो होतो, कारण पुढं व्हिक्टरी रोड हा शेवटचा टप्पा होता.

"मामा, तो उभा होता ना, तिथं एक वस्तू आहे. माचो ब्रेस. तुमच्या वहीत नाहीये."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तो पूर्ण खेळभर दार लावून आत काय करत होता ते बघायला मी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो."

मी वही काढली. आठव्या जिमच्या पानावर बरोबरची खूण होती आणि खाली अर्धं पान कोरं. त्याला म्हटलं, नीट सांग, कुठल्या ओळीत, कितव्या फरशीवर, आणि पेन शोधायला लागलो.